हळद-बेदाण्याचं दरपत्रक परदेशी खरेदीदारांना ईमेलने: कुठल्या देशाचा कोणता नियम?

निर्यातकक्ष_कुपवाड

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीतल्या हळद-बेदाणा निर्यातीच्या फर्ममध्ये मेल आणि कागदपत्रांचं काम मी बघते. नव्या हंगामाचं दरपत्रक, म्हणजे राजापुरी हळकुंड, पावडर आणि बेदाणा, सुमारे दोन हजार पत्त्यांवर पाठवायचं आहे. पत्ते चार वाटांनी जमलेत: ज्यांच्याशी व्यवहार झाला ते जुने खरेदीदार, कोलोनच्या अनुगा प्रदर्शनात मिळालेली व्हिजिटिंग कार्डं, आयातदारांच्या वेबसाइटवरून उतरवून घेतलेले पत्ते, आणि एजंटाकडून विकत घेतलेली एक्सेल यादी. देश म्हणाल तर अमेरिका, कॅनडा, जर्मनी, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि आपल्याकडचे मसालावाले.

आत्तापर्यंत होस्टिंगसोबत मिळालेल्या मेलबॉक्सवरून, बीसीसीत (एकमेकांना पत्ते दिसत नाहीत त्या रकान्यात) शंभर-शंभर पत्ते टाकून मेल जायचे. आता जीमेलवाल्यांकडचे बरेच मेल ‘५५० ५.७.२६’ असा आकडा घेऊन परत येतात आणि बाकीचे स्पॅममध्ये पडतात.

विचारायचं असं. कंपन्यांचे पत्ते धंद्याचे असतात, त्यांना स्पॅमचा कायदा लागत नाही, असं सगळीकडे ऐकते. ते खरं का? कायदा आपला लागतो की त्यांचा? विकतची यादी वापरावी का? आणि मेल परत येऊ नयेत म्हणून काय करायचं?

---

करारपान_सांगली

ताई, ऐकीव माहिती चुकीची आहे. धंद्याच्या पत्त्याला सरसकट सूट कुठेच नाही. काही देशांत थोडी ढील आहे, काही देशांत अजिबात नाही. आणि मेल ज्या देशात उघडला जातो तिथला नियम लागतो. त्यामुळे दोन हजारांची एकच यादी हीच पहिली अडचण. आधी ती देशाप्रमाणे फोडा, मग प्रत्येक देशात पत्ता कसा मिळाला त्याप्रमाणे.

भारताचं थोडक्यात. ईमेल स्पॅमसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, २०१८ चे नियम फोन आणि एसएमएसचे आहेत, ईमेलचे नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं त्रासदायक संदेशांवरचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. आता महत्त्वाचा आहे तो डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. माणसाने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला तो कायदा लागत नाही. पण एजंटाने कुठून तरी गोळा केलेली माहिती म्हणजे त्या माणसाने जाहीर केलेली माहिती नव्हे.

अमेरिकेचा कॅन-स्पॅम कायदा २००३ चा, १ जानेवारी २००४ पासून लागू. पाठवण्याआधी परवानगी लागत नाही, म्हणून लोक त्याला सैल समजतात. पण पाठवल्यावरच्या अटी काटेकोर आहेत आणि त्या धंद्याच्या मेललाही तशाच लागतात. पाठवणाऱ्याचं नाव आणि डोमेन (पत्त्यातला @ नंतरचा भाग) खरं हवं. विषयाची ओळ फसवी नको. पूर्वी बोलणं झालेलंच नसताना विषयाच्या सुरुवातीला ‘आरई’ लावणं, किंवा ऑर्डर नसताना ‘तुमच्या ऑर्डरबाबत’ लिहिणं, हे उघड उल्लंघन. मेल व्यापारी प्रस्तावाचा आहे हे कळलं पाहिजे आणि खाली पोस्टाचा खरा पत्ता हवा. कुपवाडच्या प्लॉटचा पत्ता चालतो, अमेरिकेतलाच हवा असं नाही.

मेल बंद करायची सोय पाठवल्यापासून किमान ३० दिवस चालू राहिली पाहिजे आणि कुणी नको म्हटलं तर कामाच्या १० दिवसांत थांबलं पाहिजे. त्यासाठी पैसे मागायचे नाहीत, लॉगिन करायला लावायचं नाही, ईमेल पत्त्यापलीकडे माहिती विचारायची नाही. उत्तरी मेल किंवा एकाच पानाला भेट, यापेक्षा जास्त काम समोरच्याला लावता येत नाही. दंड यादीमागे नाही, मेलमागे आहे: २०२५ च्या आकड्यानुसार प्रत्येक मेलला ५३,०८८ डॉलरपर्यंत. काम एजन्सीला दिलं तरी ज्याचा माल त्याची जबाबदारी सुटत नाही.

कॅनडाचं उलटं आहे. तिथला कायदा १ जुलै २०१४ पासून लागू आहे आणि आधी संमती लागते. संमती दोन तऱ्हेची, स्पष्ट आणि गृहीत. माल विकला असेल तर त्या दिवसापासून दोन वर्षं गृहीत संमती. नुसती चौकशी आली असेल तर सहा महिने. कुणी स्वतः कार्ड दिलं किंवा पत्ता वेबसाइटवर ठळक जाहीर केला, ‘जाहिराती पाठवू नका’ असं कुठे म्हटलं नाही, आणि तुमचा मेल त्या माणसाच्या कामाशी थेट निगडित आहे, तरीही गृहीत संमती धरता येते. म्हणजे मसाला खरेदी बघणाऱ्याला हळदीचा दर चालतो, त्याच कंपनीच्या हिशेबनिसाला नाही.

दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. संमती होती हे सिद्ध करायची जबाबदारी पाठवणाऱ्याची. आणि ‘तुम्हाला मेल पाठवू का’ असं विचारणारा मेलसुद्धा व्यापारी मेलच धरला जातो, म्हणजे परवानगी मागायलाही परवानगी लागते. बंद करायची सोय तिथे ६० दिवस चालू हवी, अंमल कामाच्या १० दिवसांत. कंपनीला कमाल दंड एका उल्लंघनाला एक कोटी कॅनडियन डॉलर.

जर्मनी सगळ्यात कडक. अनुचित स्पर्धेविरुद्धच्या कायद्याचं सातवं कलम ईमेल जाहिरातीला आधी घेतलेली स्पष्ट संमती मागतं, आणि कंपन्यांनाही तेच लागू. ‘इन्फो’ किंवा ‘सेल्स’ अशा सामायिक पेटीवर पाठवलं तरी सुटका नाही. अपवाद एकच, जुन्या गिऱ्हाइकाचा, आणि त्याच्या सगळ्या अटी एकदम पाळाव्या लागतात. पत्ता विक्रीच्या व्यवहारात मिळालेला हवा. जाहिरात स्वतःच्याच आणि तशाच मालाची हवी. त्याने नकार दिलेला नसावा. आणि पत्ता घेताना, तसंच नंतरच्या प्रत्येक मेलमध्ये, ‘कधीही नको म्हणू शकता’ हे सांगितलेलं हवं. इथेच बहुतेक फर्म अडकतात, कारण पहिल्या प्रोफॉर्मावर (मालाआधी पाठवायच्या कच्च्या बिलावर) ती ओळ नसते. आजच्या प्रोफॉर्मापासून टाकायला सुरुवात करा.

याशिवाय संपूर्ण युरोपीय संघात जीडीपीआर, म्हणजे वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा, मे २०१८ पासून. माणसाचं नाव असलेला पत्ता ही वैयक्तिक माहिती. ती त्याच्याकडून थेट घेतलेली नसेल तर कुठून मिळाली हे उशिरात उशिरा पहिल्या मेलमध्येच सांगावं लागतं. त्याने जाहिरात नको म्हटलं की विषय संपला, तिथे तुमची कारणं चालत नाहीत.

ब्रिटन मध्यम. तिथे मर्यादित कंपन्यांना आधी संमती लागत नाही. ओळख लपवायची नाही आणि बंद करायला पत्ता द्यायचा. पण एकट्याचा धंदा आणि साध्या भागीदाऱ्या या ग्राहकासारख्या धरल्या जातात, त्यांना संमती लागते. लंडनच्या गल्लीतला किराणा-मसाल्याचा व्यापारी बहुधा याच वर्गात येतो. कंपन्यांची सरकारी नोंदवही ऑनलाइन फुकट बघता येते. पाठवण्याआधी नाव तिथे शोधा.

ऑस्ट्रेलियाचा स्पॅम कायदाही २००३ चाच. स्पष्ट किंवा गृहीत संमती, पाठवणाऱ्याची ओळख, बंद करायची सोय. अंमल मात्र कामाच्या पाच दिवसांत. इंटरनेटवरून पत्ते खरवडणारं सॉफ्टवेअर आणि त्यातून बनलेल्या याद्या तिथे मनाईच्या आहेत.

यावरून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघतंच: विकतची यादी वापरू नका. ‘शंभर टक्के संमतीची’ असं एजंटाने लेटरहेडवर लिहून दिलं तरी ती संमती त्याला दिलेली, तुमच्या फर्मला नव्हे.

---

पेठभाग_व्यापार

दंडाचे आकडे मोठे आहेत हे मान्य. पण परदेशी यंत्रणा एवढ्या लांबच्या लहान फर्मच्या मागे लागते का? मार्केट यार्डातले कितीतरी जण असेच मेल पाठवतात. एवढी उठाठेव लहान फर्मला परवडणारी आहे का, हे मनापासून विचारतोय.

---

डोमेनवाला_मिरज

दादा, सरकारी यंत्रणा पोहोचायच्या आधी जीमेल आणि आउटलुक पोहोचतात, आणि ते नोटीस देत नाहीत. ज्या डोमेनवरून दरपत्रक जातं, त्याच डोमेनवरून प्रोफॉर्मा, बिल ऑफ लेडिंगची प्रत, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र आणि बँकेशी एलसीचा (पैशाच्या हमीपत्राचा) पत्रव्यवहार जातो. डोमेनची पत घसरली की हे सगळं स्पॅममध्ये जातं. कंटेनर बंदरावर आणि कागद खरेदीदाराच्या जंक पेटीत, अशी वेळ येते. जर्मनीत तर सरकारची वाटही बघत नाहीत. मेल मिळालेली कंपनी स्वतःच वकिलामार्फत ताकीदपत्र पाठवते आणि त्याचा खर्च मागते. एकाच मेलवरूनही असा दावा तिथे उभा राहतो. म्हणून लहान फर्मला हे न करणंच परवडत नाही.

आता ताईंचा ५.७.२६. त्याचा अर्थ: मेल तुमच्या डोमेनकडूनच आलाय हे जीमेलला पटलं नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने ओळखपडताळणी सक्तीची केली. कितीही कमी मेल असले तरी एसपीएफ किंवा डीकिम (काय ते खाली सांगतो) यातलं एक हवं. वैयक्तिक जीमेल खात्यांना दिवसाला पाच हजारांच्या वर पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्ही, शिवाय एका क्लिकमध्ये मेल बंद करायची सोय. आउटलुकनेही मे २०२५ पासून मोठ्या पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क सक्तीचे केले. तुम्ही पाच हजारांच्या खाली आहात, तरी तिन्ही लावूनच घ्या. कामाला एक दुपार पुरते.

एसपीएफ म्हणजे तुमच्या नावाने मेल पाठवायची मुभा कोणत्या सर्व्हरला आहे त्याची डीएनएसमधली (डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीतली) नोंद. नेहमीची चूक अशी की होस्टिंगवाल्याने एक नोंद टाकलेली असते, नंतर घाऊक मेल पाठवणारी मेलसेवा घेतल्यावर तिची दुसरी टाकतात. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन झाल्या की दोन्ही निकामी. सगळे ‘इन्क्लूड’ (एकेका सेवेला मुभा देणारे शब्द) एकाच ओळीत आणा. त्यातही डीएनएस शोधांची मर्यादा दहा आहे, आणि एका इन्क्लूडच्या पोटात आणखी तीन-चार असू शकतात. वापरात नसलेल्या सेवा काढून टाका. वेबसाइटचा चौकशी फॉर्म आणि बिलं पाठवणारं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर कुठल्या सर्व्हरवरून मेल सोडतं हेही बघा, नाहीतर तेवढेच मेल अडकतात.

डीकिम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. किल्ली २०४८ बिटची घ्या. ती लांब असते, डोमेनच्या पॅनेलमध्ये चिकटवताना मध्येच ओळ तुटते किंवा जादा अवतरणचिन्ह शिरतं आणि सही जुळत नाही. दुसरा घोळ होस्टच्या रकान्यात. बरीच पॅनेलं डोमेनचं नाव स्वतःहून पुढे जोडतात. तुम्हीही पूर्ण नाव लिहिलंत तर ते दोनदा येतं, आणि नोंद असूनही कुणाला सापडत नाही.

डीमार्क म्हणजे या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते समोरच्या सर्व्हरला सांगणारी नोंद. ती पहिल्या दिवशी कडक करू नका. धोरण ‘नन’ (काही अडवू नका) ठेवा, अहवाल यायला एक वेगळी मेलपेटी द्या, दोन-चार आठवडे अहवाल वाचा. कुठला सर्व्हर तुमच्या नावाने पाठवतोय ते दिसेल. सगळे ओळखीचे झाले की ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका), मग ‘रिजेक्ट’ (घेऊच नका). आणि समोरच्याला दिसणारं पाठवणाऱ्याचं डोमेन सहीतल्या डोमेनशी जुळलं पाहिजे. मोठ्या मेलसेवा परतीचा पत्ता (एसपीएफ तोच तपासतं) स्वतःचा लावतात, त्यामुळे एसपीएफ पास होऊनही जुळत नाही. तिथे तुमच्या डोमेनची डीकिम सहीच तारते.

दरपत्रकासाठी ‘ऑफर’ किंवा ‘न्यूज’ अशा नावाचं उपडोमेन वेगळं ठेवा, त्याची एसपीएफ आणि डीकिमची नोंद वेगळी. म्हणजे दरपत्रकावर तक्रारी आल्या तरी कागदपत्रांच्या मेलला झळ कमी बसते. सुरुवात दिवसाला वीस-तीस मेलने, तीही नेहमी उत्तर देणाऱ्या खरेदीदारांपासून. मग आठवड्या-आठवड्याने वाढवा. ‘असा पत्ताच नाही’ म्हणून परत आलेला मेल त्याच दिवशी यादीतून काढा. गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये डोमेन नोंदवा. स्पॅमची तक्रार ०.१ टक्क्याच्या आत हवी, ०.३ च्या वर कधीच जाता कामा नये. हजारात तीन जणांनी स्पॅमचं बटण दाबलं की सीमा गाठली. विकतच्या यादीने ती पहिल्याच फेरीत ओलांडते, आणि तिच्यात सापळ्याचे पत्तेही असतात, म्हणजे स्पॅम पकडण्यासाठीच सोडून ठेवलेले.

बीसीसी आजपासून बंद. तिथे एकेकाला बंदची लिंक देता येत नाही. आणि घाईत बीसीसीऐवजी सीसीत पत्ते पडले तर शंभर खरेदीदारांना एकमेकांचे पत्ते कळले, युरोपात तो माहितीगळतीचा प्रकार होतो.

---

निर्यातकक्ष_कुपवाड

खूप मदत झाली. एसपीएफच्या खरोखरच दोन नोंदी निघाल्या, आजच एक केली.

अजून तीन शंका. अनुगाच्या कार्डांपैकी बरीच जर्मन आहेत, ती मग वायाच गेली का? कॅनडातल्या एका खरेदीदाराने शेवटचा माल २०२२ मध्ये घेतला, त्याचं काय? आणि शिपमेंटच्या कागदांच्या मेलखाली नव्या हंगामाचा दर जोडला तर चालतो का?

---

करारपान_सांगली

जर्मन कार्ड वाया जात नाही, पण कार्ड हातात येणं म्हणजे जाहिरातीची स्पष्ट संमती नव्हे. स्टॉलवर कुणी ‘पाच टक्के करक्युमिनच्या पावडरीचा दर आणि प्रयोगशाळेचा अहवाल पाठवा’ म्हटलं असेल, तर ते पाठवायला हरकत नाही, त्यानेच मागितलंय. मागितलं तेवढंच पाठवा. त्या उत्तरात ‘दर हंगामाचं दरपत्रक हवं असल्यास इथे नोंदवा’ अशी एक लिंक द्या. त्याने पत्ता भरला की दुसरा मेल फक्त खात्रीचा, ‘हे तुम्हीच नोंदवलं ना’ एवढंच विचारणारा. त्यात दर, मालाचे फोटो, काही नको, नाहीतर तोही जाहिरात ठरतो. त्याने खात्रीची लिंक दाबल्यावर तारीख-वेळेसकट नोंद ठेवा. ज्यांनी नुसतं कार्ड टेकवलं त्यांना कागदी पत्र पाठवा, सोबत हळदीच्या नमुन्याची छोटी पिशवी. पोस्टाच्या पत्राला जर्मनीत आधी संमती लागत नाही. पुढच्या प्रदर्शनाला जाताना छापील फॉर्म घेऊन जा: नाव, ईमेल, कशासाठी, आणि संमतीचा वेगळा चौकोन, आधीपासून खूण न केलेला.

कॅनडाच्या खरेदीदाराची दोन वर्षांची मुदत कधीच संपली. त्याने त्यानंतर चौकशी केली असेल तर त्या दिवसापासून सहा महिने. नसेल तर त्याच्या वेबसाइटवर खरेदी विभागाचा पत्ता ठळक दिलाय का आणि सोबत ‘जाहिराती नकोत’ असं लिहिलंय का, ते बघा. पत्ता असेल आणि मनाई नसेल तर त्या आधारावर पाठवा, पण त्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. तेही जमत नसेल तर मेल नको.

कागदांच्या मेलखाली दर जोडू नका. शिपमेंटची माहिती हा व्यवहाराचा मेल, त्याला अमेरिकेत बहुतेक अटींतून सूट आहे. जाहिरात मिसळली की मेलचा मुख्य हेतू कोणता हे बघितलं जातं, विषयाची ओळ आणि वर काय, खाली काय, यावरून. जर्मनीत तर खाली जोडलेली जाहिरातही जाहिरातच. कागदांचा मेल कोरा ठेवा, दर वेगळा पाठवा.

---

बेदाणा_तासगाव

यादी कशी ठेवावी ते कुणी सांगितलं नाही, आणि नेमकं तिथेच काम बिघडतं. एक्सेलमध्ये हे रकाने करा: पत्ता, माणसाचं काम, देश, पत्ता कुठून आला, कोणत्या तारखेला, संमतीचा आधार, आधार कधी संपतो, पुरावा कुठल्या फोल्डरमध्ये. नमुन्याची एक ओळ अशी दिसेल: ‘टोरोंटो, खरेदी व्यवस्थापक, कॅनडा, बेदाणा एक कंटेनर, बिल १२ मार्च २०२५, गृहीत संमती, संपते १२ मार्च २०२७, बिलाची प्रत’. ‘कधी संपतो’ या रकान्यावर गाळणी लावली की या महिन्यात कोण गळणार ते दिसतं. पुढची ऑर्डर आली की तारीख पुढे सरकवायची.

ज्यांनी नको म्हटलं त्यांची ओळ पुसू नका. पुसली तर सहा महिन्यांनी जुनी यादी पुन्हा चढवताना तोच पत्ता परत येतो. त्यांची वेगळी ‘बंद’ यादी ठेवा, त्यात फक्त ईमेल आणि तारीख. प्रत्येक फेरीआधी मुख्य यादी तिच्याशी ताडून बघा. ही यादी विक्रीच्या सगळ्या माणसांकडे हवी. ताईंनी थांबवलेल्या पत्त्यावर विक्रीतल्या दुसऱ्याने मोबाइलवरून दर पाठवला, तर कायद्याच्या नजरेत पाठवणारी फर्म एकच आहे. देशोदेशीच्या मुदती लक्षात ठेवण्यापेक्षा नको म्हटलं की दोन दिवसांत बंद, असा एकच नियम सगळ्यांना लावा. ‘मेल नको’ असं साध्या उत्तरात लिहिलेलंही ग्राह्य धरा. म्हणून उत्तर न स्वीकारणाऱ्या पत्त्यावरून दरपत्रक पाठवू नका.

---

डोमेनवाला_मिरज

बंदच्या लिंकबद्दल एक बारीक गोष्ट. मोठ्या कंपन्यांचे सुरक्षा सर्व्हर मेल पोहोचण्याआधी त्यातल्या सगळ्या लिंका स्वतः उघडून तपासतात. लिंक उघडताच नाव कमी होईल अशी रचना असेल, तर खरेदीदाराने काही न करताच तो यादीतून गळतो. म्हणून मेलमधली लिंक एका पानावर न्या आणि तिथे ‘बंद करा’ असं एकच बटण ठेवा. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी दिसणारी बंदची सोय वेगळी: ती मेलच्या हेडरमधल्या दोन ओळींवर चालते आणि त्या दोन्ही ओळी डीकिमच्या सहीत आलेल्या असाव्या लागतात. चांगल्या मेलसेवा हे आपोआप करतात. सेवा घेण्याआधी स्वतःच्या जीमेलवर चाचणीचा मेल पाठवा, ‘मूळ संदेश दाखवा’ उघडा, आणि एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्हींपुढे ‘पास’ आहे का ते बघा. मेल उघडला की नाही हे टिपणारं अदृश्य चित्र युरोप-ब्रिटनच्या पत्त्यांसाठी बंद ठेवा, त्यालाही तिथे वेगळी संमती लागते.